यवतमाळ जिल्ह्यातील जलाशय आणि त्यांच्या पाणलोटांतील जमीन : एक ऐतिहासिक विवेचन

यवतमाळ, दारव्हा, दिग्रस आणि पुसद या भागांतील गावांची यादी चाळली असता कित्येक गावांच्या नावांना ‘इजारा’ हे पद जोडलेले आढळते. तलाठ्याच्या दप्तरात आणि टपालाच्या पत्त्यावर ते आज केवळ नावाचा भाग म्हणून टिकून आहे. एके काळी मात्र तो एका महसुली कराराचा निर्देश होता. पड जमिनीचे संपूर्ण गाव एका माणसाने दीर्घ मुदतीने सरकारकडून घ्यावे, तेथे कुळे बसवावी, रान तोडून ती जमीन लागवडीखाली आणावी आणि ठरलेला धारा भरावा, असा तो करार. जिल्ह्यातील धरणे व तलाव यांच्या आजच्या अवस्थेचा विचार करताना हा शब्द प्रारंभीच लक्षात घेणे अगत्याचे आहे. कारण ज्या उतारांवरून या जलाशयांत पाणी येते, त्या उतारांचे रूप धरणांच्या शंभर वर्षे आधी अशा करारांनी ठरविले होते.

तलावाच्या आरोग्याची चर्चा सामान्यतः तलावाच्या काठावर उभे राहून केली जाते. पाणी हिरवे झाले, बेशरमी माजली, मासळी घटली, गाळ साचला, अशी लक्षणे तेथे दिसतात. परंतु तलाव हा आपल्या पाणलोटाचा अखेरचा हिशेब असतो. पाणलोटात कोणती जमीन केव्हा नांगरली गेली, कोणती चराईस राहिली, कोणत्या पिकाने कोणत्या महिन्यात ती झाकली, हे सारे पाण्याबरोबर उतरून तळाशी जमा होते. यवतमाळ जिल्ह्याच्या बाबतीत हा हिशेब विशेष विचारार्ह आहे. येथे जमिनीच्या वापराचा निर्णय आधी झाला आणि तलाव मागाहून आले. तो निर्णय घेताना पाणी साठविण्याचा प्रश्न कोणाच्याही नजरेसमोर नव्हता.

जिल्ह्याची भूरचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. वणीकडील गोंडवनी खडक, चुनखडी व कोळशाचा पट्टा वगळता बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा आहे. उत्तरेस व पूर्वेस वर्धा, दक्षिणेस पैनगंगा, आणि मध्ये अजिंठ्याच्या रांगेचे पूर्वेकडे उतरत गेलेले फाटे. पूस, अरुणावती व अडाण या नद्या पश्चिमेकडे, आजच्या वाशीम जिल्ह्याच्या पठारावर उगम पावतात आणि यवतमाळ जिल्ह्यातून वाहत अखेर पैनगंगेच्या खोऱ्यास मिळतात. बेंबळा मात्र वर्धेकडे जाते. माथ्यावर आणि उतारावर मुरमाड, हलकी बरड जमीन, खोऱ्यात खोल काळी जमीन, असा मातीचा क्रम आहे. नाव घेण्याजोगे नैसर्गिक सरोवर जिल्ह्यात नाही. पाऊस सरासरीने ९०० ते १,१०० मिलिमीटर पडतो आणि त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, त्यातही थोड्या जोरदार सरींत येऊन जातो.

अकबराच्या काळी हा मुलूख वऱ्हाड सुभ्यातील कळंब व माहूर या सरकारांत मोडत असे. आईन-इ-अकबरीने कळंबची ख्याती म्हशींसाठी असल्याचे नमूद केले आहे. नोंद लहान आहे, पण भूमिउपयोगाच्या इतिहासकारास ती मोलाची वाटावी. ज्या गावाची कीर्ती म्हशींवर उभी असते, त्या गावाभोवती गवताची व पाणथळ चराईची कमतरता नसते. शेती खोऱ्यातील काळ्या जमिनीपुरती, आणि वरच्या उतारांवर गवत व पानझडी रान, हे चित्र पुढे दोन-तीन शतके थोड्या फार फरकाने कायम राहिले असावे. डोंगरकपारीला कोलाम व गोंड यांची वस्ती होती. कोलामांची कुदळीची फिरती शेती अधूनमधून एखादा उतार उघडा करी. पण तो तुकडा काही वर्षांनी पुन्हा रानाच्या स्वाधीन होत असे.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. सातबाऱ्याची व सर्व्हे नंबरांची आज परिचित असलेली व्यवस्था तेथून पुढच्या दोन-तीन दशकांत या प्रदेशात आली. मुंबई इलाख्याच्या पद्धतीने शेताशेताची मोजणी झाली, मातीच्या प्रतीवरून आकार ठरला आणि रयतेशी थेट संबंध जोडणारी रयतवारी सुरू झाली. त्या काळी वणीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात पड जमीन विपुल आणि लोकसंख्या विरळ होती. महसुली अधिकाऱ्याच्या दृष्टीने पड जमीन म्हणजे बुडालेला धारा. म्हणून १८६५ च्या पडजमिनीविषयक नियमांखाली संपूर्ण गावे इजाऱ्याने देण्याचा उपक्रम झाला व त्याचा लाभ या जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर घेतला गेला. वेळ अशी होती की कापसाला सोन्याचा भाव होता. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेतील यादवीमुळे मँचेस्टरला तेथील कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाड व हिंगणघाट येथील मालास अभूतपूर्व मागणी आली. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरला पोहोचला. त्याने मालाची वाट मोकळी केली, तशी लमाणांच्या तांड्यांची बैलांवरील वाहतूकही संपुष्टात आणली. पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांत बंजारा समाज स्थिर होऊन शेतीकडे वळला, त्यामागे हे एक प्रमुख कारण होते. तांडे बहुधा डोंगराच्या अंगाने वसले, कारण खोऱ्यातील काळी जमीन आधीच कुणबी व इतर रयतेच्या हाती होती. म्हणजे नव्या लागवडीचा भार नेमका उतारावरील बरड जमिनीवर पडला.

यात त्या शेतकऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. धारा ठरविणाऱ्या पद्धतीतच एक आंधळेपणा होता. ती प्रत्येक शेताची माती पाहत होती, परंतु त्या शेतावरून वाहून जाणारे पाणी पाहत नव्हती. हलक्या जमिनीला हलका आकार, एवढाच तिचा विवेक. उतारावरची जमीन मुळात नांगरावी किंवा नाही, हा प्रश्न सर्व्हेच्या कोणत्याही रकान्यात बसत नव्हता.

जंगलाच्या बाबतीत वेगळे धोरण आले, तेही महसुलाच्याच अंगाने. वऱ्हाड हे कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नसल्यामुळे येथे १८८६ चा स्वतंत्र वऱ्हाड जंगल कायदा लागू झाला. त्याने सरकारी जंगलाचे तीन वर्ग केले : इमारती लाकूड व सरपण यांसाठी ‘ए’, गवताच्या रमण्यांसाठी ‘बी’, आणि चराईसाठी ‘सी’. गावाच्या मोकळ्या सरकारी जमिनीस लागलेले ‘ई-क्लास’ हे नाव मात्र आजही विदर्भातील प्रत्येक खेड्यात बोलले जाते. उर्वरित महाराष्ट्रात ज्याला गायरान म्हणतात, तेच ते. पाणलोटाच्या दृष्टीने या वर्गवारीचा परिणाम असा झाला की सागवानाचे डोंगर राखले गेले, परंतु डोंगर आणि काळी जमीन यांच्या मधला जो पट्टा, तो चराई व लागवड यांच्या ओढाताणीत सापडला. मातीच्या धुपीचे खरे उगमस्थान हा मधला पट्टाच होय. वरून जंगलातील पाणी वेगाने येते, खाली काळी जमीन ते मुरू देत नाही, आणि मध्ये चरून बोडकी झालेली अथवा एकदाच वखरलेली बरड माती त्याच्या तोंडी येते. पुढे भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे जे निर्णय झाले, त्यांतील १९९१ चा निर्णय विशेष महत्त्वाचा आहे. त्यांमुळे ई-क्लासचा बराच भाग पेरणीखाली आला. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने ते आवश्यक होते हे मान्य केले, तरी ज्यांच्या वाट्याला कोठलीच जमीन आली नव्हती, त्यांना अखेर पाणलोटातील सर्वांत नाजूक जमीन मिळाली, ही वस्तुस्थिती राहतेच.

येथे शेजारच्या पूर्व विदर्भाशी तुलना करणे उद्बोधक ठरते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत मालगुजारी तलावांची, म्हणजे आज ज्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात त्यांची, संख्या हजारांत आहे. कोहळी समाजाचे तलावबांधणीतील कौशल्य, धानाच्या पिकाची पाण्याची गरज आणि गावाचा मालक असलेला मालगुजार, या तीन गोष्टी तेथे एकत्र आल्या. ज्याच्या मालकीचे वरचे रान, त्याच्याच मालकीचा तलाव आणि खालच्या धानाच्या बांध्याही त्याच्याच कुळांच्या. वरचे झाड तोडले तर खालचे पीक धोक्यात येते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नव्हते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले, आणि त्यानंतर त्यांची देखभाल कशी ढासळली, हा वेगळा विषय आहे. वऱ्हाडात मात्र मालगुजार नव्हता, धान नव्हते आणि काळ्या जमिनीला कापूस-ज्वारीसाठी तलावाची गरजही भासत नव्हती. विहिरी, नाल्यातील झिरे आणि गावापुरती एखादी तळी, एवढ्यावर भागत असे. इजारदाराला मालगुजारासारखे गाव मिळाले खरे, परंतु त्याला तलाव बांधण्याचे कोणतेच प्रलोभन नव्हते. त्याचा नफा रान उघडण्यात होता. परिणामी पूर्व विदर्भात तलाव व त्याचा पाणलोट एकत्र वाढले, तर यवतमाळात पाणलोट शतकभर एकटाच वापरला गेला.

त्या शतकात शेतीची औतेही बदलली, हे लक्षात घ्यावयास हवे. वऱ्हाडी शेतकऱ्याचे नित्याचे औत नांगर नव्हते, वखर होते. वखराचे आडवे पाते जमिनीचा वरचा थर तेवढा खरडते. खोल काळ्या जमिनीत उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगाच तिची नांगरणी करतात, असे मानले जाई, आणि त्यात तथ्य होते. कुंदा वा हरळी माजली म्हणजे कित्येक वर्षांनी एकदा जड नांगर लावायचा. लोखंडी नांगराने आणि मग ट्रॅक्टरने ही रीत मोडली. दरवर्षीची खोल नांगरट, तीही पुष्कळदा उताराच्या दिशेने, सर्रास झाली आणि शेतांमधले रुंद गवताळ धुरे नांगराच्या फाळाखाली अरुंद होत गेले. धुरा ही दोन भावांतील वादाची जागा म्हणून सर्वांना परिचित आहे. पाणलोटातील गाळ अडविणारी सर्वांत स्वस्त गाळणी म्हणून तिचा विचार क्वचितच झाला.

पिकांचीही गोष्ट तशीच. कापूस, ज्वारी व तूर यांच्या फेरपालटीत ज्वारी दाट पेरली जाई आणि तिची झुपकेदार मुळे मातीला धरून ठेवीत. कापसाच्या दोन ओळींतील जमीन मात्र ऑगस्टपर्यंत उघडी असते, आणि सर्वांत जोरदार सरी नेमक्या त्यापूर्वी येतात. विदर्भात कापूस चौफुलीवर लावण्याची चाल आहे, म्हणजे उभी व आडवी अशी दोन्ही बाजूंनी डवरणी करता यावी. निंदणीची मजुरी यात वाचते, पण दोन दिशांपैकी एक दिशा उताराची असणारच, आणि डवऱ्याने पाडलेला प्रत्येक तास हा पाण्याला आयता पाट होतो. १९८० नंतरच्या दशकांत सोयाबीन आले व त्याने मुख्यतः ज्वारीची जागा घेतली. सोयाबीनला सरसकट दोष देणे योग्य नाही. त्याच्या जवळजवळच्या ओळी ऑगस्टमध्ये जमीन कापसापेक्षा चांगली झाकतात. पण काढणीनंतर रानात फारसे काही उरत नाही आणि परतीच्या पावसाला माती मोकळी सापडते. २००२ नंतर बीटी वाणांबरोबर कापसाचे क्षेत्र आणि खतांची व फवारणीची मात्रा दोन्ही वाढली. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हा चर्चा माणसांच्या मृत्यूंची झाली आणि ते योग्यच होते. ही रसायने पावसाबरोबर ज्या ओहोळांत उतरतात, ते ओहोळ कोठल्या तरी जलाशयाचे असतात, हा धागा त्या चर्चेत मागेच राहिला.

अशा पाणलोटांच्या पायथ्याशी जिल्ह्यातील जलाशय उभे राहिले. पुसदजवळील ऊर्ध्व पूस १९७१ मधले, पैनगंगेवरील इसापूर १९८२ मधले, महागाव भागातील निम्न पूस त्याच सुमाराचे, दिग्रसजवळील अरुणावती १९९४ मधले. बाभुळगाव तालुक्यातील बेंबळा त्यानंतरचे. यांखेरीज वाघाडी, गोकी, सायखेडा, बोरगाव आदी मध्यम प्रकल्प आणि कितीतरी पाझर तलाव. इसापूरचा उपयुक्त साठाच सुमारे ९६४ दशलक्ष घनमीटर आहे. म्हणजे ज्या प्रदेशात तलावांची परंपरा नव्हती, तेथे जेमतेम एका पिढीच्या काळात प्रचंड जलविस्तार निर्माण झाले. हे जिल्ह्याच्या इतिहासातील फार मोठे स्थित्यंतर होय. त्याची दखल सिंचनाच्या अहवालांत पुष्कळ, पण भूमीच्या इतिहासात थोडीच घेतली गेली आहे.

धरणाच्या आराखड्यात गाळासाठी तळाशी काही साठा राखून ठेवलेला असतो. त्यास मृत साठा म्हणतात. कल्पना अशी की गाळ तेथे निमूटपणे जाऊन बसेल. प्रत्यक्षात नदी जलाशयात शिरते तेथेच तिचा वेग मंदावतो आणि वाळू व जाड माती मुखाशीच खाली बसते. त्यामुळे उथळ भाग आधी भरतो आणि उपयुक्त साठाच प्रथम घटतो. बारीक काळी चिकणमाती तेवढी भिंतीपर्यंत पोहोचते. दख्खनच्या मातीत असा जलाशय किती लवकर भरू शकतो, याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे मांजरा नदीवरील निजामसागर. १९३१ मध्ये पूर्ण झालेल्या या जलाशयाची निम्म्याहून अधिक साठवणक्षमता १९७३ पर्यंत गाळाने नष्ट झाली होती. मांजरेचा उगम बीडकडील बालाघाटात; तोच पाषाण, तशीच काळी व बरड माती, तसाच कोरडवाहू पिकांचा उघडा उतार. धरण एका राज्यात आणि पाणलोटाचा मोठा भाग दुसऱ्या राज्यात. पूस, अरुणावती व अडाण यांच्या बाबतीत सरहद्द राज्याची नसून जिल्ह्याची आहे. १९९८ मध्ये वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाल्यापासून या नद्यांचे वरचे उतार एका जिल्हाधिकाऱ्याकडे व खालचे जलाशय दुसऱ्याकडे आहेत. इतिहासाचा एक योगायोग असा की १९०५ पूर्वी पुसद तालुका वाशीम जिल्ह्यातच होता. त्या वर्षी तो जिल्हा मोडून पुसद इकडे आला आणि वणी जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले. नदीच्या दृष्टीने जुनी विभागणी अधिक शहाणपणाची होती, असे म्हणावेसे वाटते.

गाळाचा परिणाम केवळ घनमीटरांत मोजता येत नाही. मातीच्या बारीक कणांना स्फुरद चिकटून येते, आणि तलावातील शैवालाची वाढ बहुधा स्फुरदाच्या पुरवठ्यावर अवलंबून असते. १९६८ मध्ये फोलेनवायडर या शास्त्रज्ञाने आपल्या अहवालात तलावाची सुपोषित अवस्था व त्यात बाहेरून येणारी नत्र-स्फुरदाची मात्रा यांचा संबंध आकड्यांत मांडला, तेव्हापासून तलावाच्या अभ्यासाचे लक्ष काठाकडून पाणलोटाकडे वळले. अमेरिकेतील हबर्ड ब्रुक येथे १९६५-६६ च्या हिवाळ्यात एका लहान पाणलोटातील सर्व वृक्ष तोडून व नवी वाढ रोखून पाहण्यात आले. तेथील ओढ्यातून वाहून जाणारे नायट्रेट अनेक पटींनी वाढले. जंगल गेले की माती जाते हे जगाला ठाऊक होते. मातीतील अन्नद्रव्ये पाण्यात विरघळून न दिसता जातात, हे त्या प्रयोगाने दाखविले.

या जिल्ह्यातील जलाशयांत ही प्रक्रिया ऋतुमानाप्रमाणे घडते. पावसाळ्यात पाणी इतके गढूळ असते की सूर्यप्रकाश खोलवर पोहोचत नाही. अन्नद्रव्ये भरपूर असूनही शैवाल माजत नाही. गढूळपणा ओसरून हिवाळ्यात पाणी निवळते, तेव्हा प्रकाश व अन्न दोन्ही एकाच वेळी हाती येतात. काठावरची मंडळी ज्यास पाणी स्वच्छ झाले असे समजतात, तो काळ वस्तुतः हिरवेपणाच्या प्रारंभाचा असतो. उन्हाळ्यात पातळी खाली जाते, उथळ पाणी तापते, वारा तळचा गाळ ढवळतो, आणि मागील वर्षांचे साचलेले स्फुरद पुन्हा पाण्यात येते. रोहू, कटला व मृगळ यांचे बीज सोडणाऱ्या मच्छीमार संस्थांना या काळात प्राणवायूच्या अभावी होणारी मरतुक परिचित आहे. भोई समाजाच्या उपजीविकेचा प्रश्न अशा रीतीने वीस-पंचवीस मैल वर असलेल्या कपाशीच्या वावराशी जोडलेला आहे, आणि त्या दोघांची कधी गाठ पडत नाही.

जलाशयाच्या बुडीत क्षेत्रातील गाळपेर हा याच साखळीचा एक दुवा. पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या सुपीक काठावर हरभरा, गहू, भाजीपाला घेतला जातो. या जमिनी बहुधा प्रकल्पग्रस्तांना भाडेपट्ट्याने दिल्या जातात. ज्याचे गाव बुडाले त्याला त्याच्याच बुडालेल्या शेतावर काही महिने पीक काढू देणे, यात एक प्रकारची भरपाई आहे, आणि तीवर टीका करताना हात आखडता घ्यावासा वाटतो. तरीही गाळपेरीत नांगरलेली माती व घातलेले खत पुढच्या जुलैत कोठलाही ओहोळ न ओलांडता थेट जलाशयात जाते. पाणलोटातील दूरच्या शंभर एकरांपेक्षा काठावरचे दहा एकर अधिक उपद्रव देऊ शकतात, ते याच कारणाने.

आता जंगलाविषयी. झाडी वाढली की तलाव सुधारतो, असा सरसकट समज आहे. यवतमाळचा अनुभव तो तपासून पाहावयास लावतो. सागाची रुंद पाने पावसाचे थेंब गोळा करून मोठे करतात आणि उंचीवरून खाली टाकतात. खाली पालापाचोळा असेल तर काही बिघडत नाही. परंतु मोहफुले वेचणे सोपे जावे वा तेंदूची नवी पालवी फुटावी म्हणून उन्हाळ्यात जमिनीवरचा पाला जाळला जातो, आणि मग सागाखालची जमीन उघड्या वावराइतकीच धुपते. म्हणजे नकाशावर वनक्षेत्र अशी नोंद असलेला उतार प्रत्यक्षात जलाशयाला गाळ देत असू शकतो. याच्या उलट, यवतमाळ शहराला पाणी पुरविणाऱ्या निळोणा व चापडोह या धरणांच्या भोवताली वनाच्या टेकड्या आहेत, आणि तरीही २०१८ च्या उन्हाळ्यात दोन्ही जलाशय तळास जाऊन शहराने भीषण टंचाई भोगली. बेंबळ्याचे पाणी आणण्याची निकड त्या वर्षी सर्वांना पटली. आदल्या वर्षीचा अपुरा पाऊस, वाढलेले शहर आणि लहान पाणलोट ही कारणे उघड आहेत. त्यात एवढीच भर घालावी लागेल की दाट रान पाणी मुरविते व स्वतः पितेही. ते जलाशयास स्वच्छ पाणी देते, पण अधिक पाणी देईलच असे नाही.

१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्रात मृद्संधारणाच्या कामांना वेग आला. त्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक याच जिल्ह्यातील, पुसदजवळच्या गहुलीचे. दुष्काळी कामांतून व मागाहून रोजगार हमी योजनेतून, जिचा कायदा १९७९ च्या २६ जानेवारीपासून अमलात आला, पाझर तलाव, नालाबंडिंग, समपातळीचे बांध अशी कामे गावोगाव झाली. लाखो हातांना काम देणे हा हेतू असल्यामुळे जेथे मजूर जमतील तेथे काम, हा क्रम पडला. पाणलोटाच्या माथ्यापासून सुरुवात करून पायथ्याशी तलावाने शेवट करावा, हा शास्त्राचा क्रम पुष्कळ ठिकाणी उलटा झाला. तलाव आधी खोदला गेला आणि वरचा उतार उघडाच राहिला. खोल काळ्या जमिनीत समपातळीचे बांध तर नीट टिकेनातच. पाणी मुरत नाही म्हणून ते बांधाशी तुंबते, भेगांतून वाट काढते आणि बांध फोडून आधीपेक्षा मोठी घळ पाडते. सोलापूरच्या कोरडवाहू संशोधनाचे निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू पडत नव्हते, कारण येथला पाऊस जवळजवळ दुप्पट आहे.

गहुलीच्याच सुधाकरराव नाईक यांच्या कारकिर्दीत, १९९२ मध्ये, जलसंधारणाचे स्वतंत्र खाते निर्माण झाले, आणि माथा ते पायथा हा शब्दप्रयोग शासनाच्या कागदांत रुळला. त्यानंतर २०१४ च्या अखेरीस जलयुक्त शिवार अभियान व २०१७ मध्ये गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आली. पहिल्या योजनेत नाल्यांच्या खोलीकरणावर भर राहिला. जेथे वरचे उतार न बांधता नाला खोल केला गेला, तेथे पाण्याचा वेग वाढून काठ ढासळण्याचा धोका उत्पन्न होतो. शिवाय वर अडविलेले पाणी विहिरींना मिळते, तेवढे खालच्या धरणाला कमी मिळते. वरचा शेतकरी व खालचा लाभधारक यांच्यातील हा हिशेब अद्याप कोणी मांडलेला दिसत नाही. जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत महागाव तालुक्यातील आनंदनगर येथे अडकलेल्या लोकांसाठी हेलिकॉप्टर बोलवावे लागले आणि यवतमाळ शहरात वाघाडीचे पाणी शिरले. अशा एका दिवसात उतारावरून जी माती सुटते, ती अनेक शांत वर्षांच्या धुपीपेक्षा अधिक असू शकते. सरासरी पावसावर आधारलेले गाळाचे अंदाज चुकतात ते बहुधा येथेच.

गाळमुक्त धरण योजनेतील कल्पना मात्र इतिहासाच्या दृष्टीने मोठी अर्थपूर्ण आहे. उन्हाळ्यात तलाव कोरडा पडला की तळचा गाळ काढून शेतकऱ्याने तो आपल्या वावरात पसरावा. बरड जमिनीला हा गाळ मिळाला तर तिची पाणी धरण्याची शक्ती वाढते. दीडशे वर्षांपूर्वी इजाऱ्याच्या काळात उघडी पडलेली माती आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उलट दिशेने चढू लागली, असे म्हणता येईल. पण वाहतुकीचा खर्च अंतराबरोबर वाढत असल्यामुळे गाळ बहुधा तलावाजवळच्या, आधीच बऱ्या असलेल्या शेतांत जातो. माथ्यावरच्या तांड्याच्या वावरापर्यंत तो क्वचितच पोहोचतो. आणि काठाजवळ उताराच्या शेतात टाकलेला गाळ धुरा बळकट नसेल तर परत येण्यास वेळ लावीत नाही.

या विषयाच्या अभ्यासाची साधने जिल्ह्यात पडून आहेत. तलाठ्याच्या दप्तरातील पेरेपत्रकांत गावाच्या प्रत्येक सर्व्हे नंबरात कोणत्या वर्षी काय पेरले याची नोंद आहे. २०२१ पासून तीच माहिती ई-पीक पाहणीच्या रूपाने मिळते. दुसरीकडे जलाशयाच्या तळाचा गाळ हेही एक दप्तरच आहे. १९५० नंतरच्या अणुचाचण्यांमुळे जगभर पसरलेले सीझियम जमिनीच्या वरच्या थरात धरून राहते. १९६३ च्या सुमारास त्याचे प्रमाण कळसाला पोहोचले, आणि जिल्ह्यातील मोठे जलाशय त्यानंतरचे आहेत. म्हणून ऊर्ध्व पूस किंवा अरुणावतीच्या गाळात सीझियम पुरेसे आढळले, तर तो गाळ नांगरलेल्या शेतांच्या वरच्या थरातून आला; ते अल्प आढळले, तर घळी, नाल्यांचे काठ आणि ढासळलेल्या बांधांच्या खालच्या मातीतून आला, असा निर्णय करता येईल. पूस खोऱ्यातील दहा-बारा गावांची १९७१ पासूनची पेरेपत्रके आणि ऊर्ध्व पूसच्या तळाचे दोन-तीन नमुने एकत्र वाचले, तर उताराचे बांध आधी दुरुस्त करावे की नाल्याचे काठ, याचे उत्तर त्या एका खोऱ्यापुरते तरी मिळू शकेल.